क्रोमोली माउंटन बाइकची फ्रेम, दहा बाय बाराच्या वर्कशॉपात

टेकडीवाला

फ्रेम बनवण्याचा विषय निघाला की चर्चा वेल्डिंगपासून सुरू होते आणि वेल्डिंगपाशीच संपते. भूमिती, कापणी, सरळपणा यांवर कोणी बोलत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी कुंपण घालून घेतो. हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नाही. २९ इंची चाकं, २.४ चा टायर, पुढे १३० मिमीचा सस्पेन्शन फोर्क, एकेरी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) पाइप. चालवायची वेताळ टेकडी, बोपदेव, सिंहगडाच्या बाजूच्या वाटा इथे: मुरूम, सुटे दगड, आखूड पण अंगावर येणारे चढ. ॲल्युमिनियम इथे नको. ६०६१ जोडला की सांध्याजवळ मऊ पडतो, मग अख्खी फ्रेम भट्टीत घालून उष्णोपचार करावे लागतात. ते या खोलीत होणारं काम नाही.

१७० सेमी उंचीच्या माणसासाठी काढलेलं ड्रॉइंग:

(लांबी मिमीत. बीबी म्हणजे क्रँकचा आस बसतो ती आडवी नळी, हेड ट्यूब म्हणजे फोर्क फिरतो ती पुढची नळी.) रीच (बीबीपासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर) ४४०, स्टॅक (तेच उभं) ६४०, हेड अँगल ६६ अंश, सीट अँगल ७४.५, चेनस्टे (बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंतचा पाइप) ४२५, बीबी ड्रॉप (एक्सलच्या रेषेपासून बीबी किती खाली) ६०, हेड ट्यूब ११०, सीट ट्यूब ४२०. फोर्कचं एक्सल ते क्राउन (फोर्कचा वरचा जोड) अंतर ५३५, ऑफसेट (स्टिअरिंगच्या आसापासून एक्सल किती पुढे) ४४. मागे १४८ बूस्ट (मागच्या हबची रुंदी), १२ मिमी थ्रू एक्सल. बीबी ७३ मिमी, आट्यांचा. चेनरिंग ३२ दात्यांची.

चुका काढा. पाइप कापल्यावर काढलेल्या चुका कोणाच्याच कामाच्या नाहीत.

घाटवळण

कोन बरे आहेत, पण ते सॅगशिवायचे (माणूस बसल्यावर फोर्क जितका दबतो तो सॅग) आहेत हे लक्षात ठेवा. हार्डटेलमध्ये फक्त पुढचं टोक बसतं, म्हणून सगळी सायकल मागच्या एक्सलभोवती पुढे कलते. १३० च्या फोर्कला २५ टक्के सॅग म्हणजे ३२ मिमी. तुमचा व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) ११७० च्या आसपास येतो. ३२ ला ६६ अंशाच्या साइनने गुणलं की २९ मिमीचा उभा उतार, म्हणजे सुमारे १.४ अंश. बसल्यावर हेड अँगल ६७.४ आणि सीट अँगल ७६ च्या जवळ. टेकडीच्या चढाला हे छानच आहे, पण "६६ चा स्लॅक अँगल" म्हणून जे वाटतं ते चालवताना मिळत नाही. ६५ कराल तरच बसल्यावर ६६ च्या पुढेमागे येईल.

बीबीची उंची याच हिशेबात येते. चाकाची त्रिज्या टायर धरून ३७२, ड्रॉप ६०, म्हणजे जमिनीपासून ३१२. सॅगमध्ये आणखी १०-११ मिमी खाली, म्हणजे ३०१. १७० चा क्रँक लावला तर पेडलचा मध्य जमिनीपासून १३१ वर, १७५ लावला तर १२६ वर. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला जे उघडे दगड आहेत तिथे हे पाच मिमी कळतात. १७० चाच क्रँक धरा.

ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगचा आस जमिनीला जिथे टेकतो आणि टायर जिथे टेकतो त्यांतलं अंतर: (३७२ × कोसाइन ६६ − ४४) भागिले साइन ६६. उत्तर ११७ मिमी. ५१ चा ऑफसेट घेतलात तर ११०. फोर्क विकत घेण्याआधी हे करून बघावं, कारण दोन्ही ऑफसेटचे फोर्क मिळतात आणि दुकानात विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

कानसबहाद्दर

चेनस्टे ४२५ आणि २.४ चा टायर? कागदावर लिहायला सोपं आहे. हा हिशेब करून बघा, कारण बहुतेक पहिल्या फ्रेमा इथेच अडकतात.

बीबीच्या मध्यापासून मागे सरकत जाऊ. ३२ दात्यांच्या चेनरिंगची पिच त्रिज्या साधारण ६५, दात्याच्या टोकाला ६९. म्हणजे ६९ मिमीपर्यंत चेनरिंग जागा अडवते. टायरचं पुढचं टोक ४२५ उणे ३७२, म्हणजे ५३ मिमीवर. दोघं १६ मिमी एकमेकांच्या शेजारून जातात आणि चेनस्टेला त्यांच्या मधून वाट काढायची आहे.

टायर ६१ मिमी रुंद, पण टोकाला निमुळता. टोकापासून १६ मिमी आत गेलं की अर्धी रुंदी २७ च्या आसपास. त्यात ६ मिमी चिखलाची जागा, झाले ३३. बूस्टची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) ५२. चेनरिंगची जाडी आणि हलणं धरून आतली हद्द ४६ माना. ४६ उणे ३३, उरले १३ मिमी. त्यात २२ मिमीचा गोल पाइप कसा बसवणार? ठोकून चपटा करायचा तर दोन्ही बाजूंनी साडेचार मिमी. ०.८ च्या भिंतीला इतकं दाबलं की सुरकुती पडते.

आता चेनस्टे ४३५ धरा. टायरचं टोक ६३ वर, चेनरिंग ६९ ला संपते. तिथे टायरची अर्धी रुंदी फक्त १८, अधिक ६ म्हणजे २४. उरले २२ मिमी. दहा मिमी लांबी वाढवली आणि नऊ मिमी रुंदी मिळाली. किंचित खाच दिली की काम झालं.

मात्र ४३५ वर ३६ ची चेनरिंग लावाल तर परत १४ वर याल. त्यामुळे फ्रेमवर जास्तीत जास्त किती दात्यांची रिंग चालेल ते आधीच लिहून ठेवायचं, विशेषतः फ्रेम दुसऱ्यासाठी बनवत असाल तर.

नानापेठी

+१. आणि क्रँकचा हात विसरू नका. चेनस्टे डोळे झाकून बाहेर वळवला की टायर सुटतो आणि क्रँक घासतो, मग टाच घासते. एक खोटा क्रँक प्लायवूडचा कापून जिगवर (जोडताना पाइप जागेवर धरणारी चौकट) लावून ठेवायचा.

दोनचाकी

काही कंपन्या चेनस्टेच्या पुढच्या भागात पाइपऐवजी जाड पट्टी घालतात, तसं केलं तर ४२५ राहील ना?

कानसबहाद्दर

राहील. उजव्या बाजूला ६ मिमीची पोलादी पट्टी, तिच्या मागे पाइप सुरू. पण पट्टी उभी चांगली ताठ, आडवी नाही. शिवाय पट्टी आणि पाइपचा सांधा नेमका जास्त ताण येतो तिथे पडतो. पहिल्या फ्रेमला हा उद्योग नको. ४३५ घ्या आणि निवांत झोपा.

टेकडीवाला

पटलं. ४३५. पाइपचं बोला.

आर्गॉन_भोसरी

पाइपबद्दल एक गैरसमज आधी काढू. रेनॉल्ड्स ८५३ घ्या, कोलंबस घ्या किंवा साधा ४१३०, पोलादाचा लवचिकता गुणांक सगळ्यांचा जवळपास तोच, २०० ते २१० गिगापास्कल. महाग पाइप जास्त ताठ नसतो. तो जास्त मजबूत असतो, म्हणून भिंत पातळ ठेवता येते, म्हणून वजन कमी. ताठपणा व्यासातून येतो, व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. ३५ वरून ३८.१ वर गेलात, भिंत तीच ठेवली, तर ताठपणा २९ टक्के वाढतो आणि वजन फक्त ९ टक्के. म्हणून माउंटन बाइकचा डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून बीबीकडे उतरणारा पाइप) जाड दिसतो.

तुमच्यासाठी: डाउन ट्यूब ३८.१, भिंत ०.९/०.६/०.९ (टोक/मध्य/टोक). टॉप ट्यूब ३१.८, ०.८/०.५/०.८. चेनस्टे २२.२ चे, सीटस्टे (सीटखालून मागच्या एक्सलला येणारे पाइप) १६ चे, दोन्ही ०.८ ते ०.९. सीट ट्यूब ड्रॉपर पोस्टवर (चालवताना सीट खालीवर करणारा दांडा) ठरतो. ३१.६ चा ड्रॉपर असेल तर बाहेरून ३५ चा पाइप घ्या आणि आतून रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) ३१.६ ला आणा. २८.६ × ०.६५ मध्ये फक्त २७.२ चा पोस्ट जातो. हे कॉलर, क्लॅम्प सगळं मागवण्याआधी ठरवायचं.

हेड ट्यूब आतून ४४ मिमीचा सरळ. वर आत बसणारा कप (बेअरिंगची वाटी), खाली बाहेरचा. त्यात टेपर (दांडा खाली जाड असलेल्या) फोर्कचं ४० चं खालचं बेअरिंग बसतं. बाहेरचा कप उंची १२ मिमी खातो, ती स्टॅकमध्ये धरलीये का बघा.

टेकडीवाला

धरलीये. ११० अधिक १२.

पितळी

बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) पाइपबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जाड टोक दोन्हीकडे सारखं लांब नसतं. एका टोकाचा बट आखूड, दुसऱ्याचा लांब, आणि मध्ये जाडीचा उतार. कापायचं ते लांब टोकाकडून. आखूड टोकाकडून कापलं तर सांधा ०.६ वर येतो आणि वर्षा-दोन वर्षांत डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला, हेड ट्यूबमागे बोटभर अंतरावर चीर पडते. लोक वेल्डिंगला दोष देतात, वेल्ड बिचारं जागेवर शाबूत असतं.

बट कुठे संपतो ते पाइपवर मार्करने लिहून ठेवायचं, कापण्याआधी. मायटर (पाइपचं टोक दुसऱ्या पाइपच्या गोलाईत बसेल असं कापणं) झाल्यावर सांध्यापासून निदान ६० मिमी जाड भाग उरला पाहिजे.

घाटवळण

तो भाग चाचणीतसुद्धा सगळ्यात आधी जातो. आयएसओ ४२१० मध्ये माउंटन बाइकच्या फ्रेमला पुढच्या एक्सलवर आडवा धक्का देतात, पुढे १२०० न्यूटन, मागे ६०० न्यूटन, असे ५०,००० वेळा. फोर्क लांब असतो, त्यामुळे तरफेसारखा सगळा ताण डाउन ट्यूबच्या वरच्या टोकाला येतो. १०० मिमीच्या फोर्कसाठी काढलेल्या फ्रेमला १५० चा लावतात तेव्हा नेमकी हीच तरफ लांब होते.

दोनचाकी

मग तिथे त्रिकोणी गसेट (आधाराची पट्टी) टाकलं तर?

पितळी

टाकता येतं, पण गसेटचं टोक पाइपला आडवं वेल्ड केलं तर चीर गसेटच्या टोकाला सरकते, एवढंच. टोक निमुळतं करायचं आणि आडवा टाका मारायचाच नाही, फक्त दोन्ही बाजूंनी लांबीच्या दिशेने. नीट जमत नसेल तर गसेट नको, पाइप जाड घ्या.

टेकडीवाला

मायटर कसं करावं? मिलिंग मशिन नाही. एक जुना लेथ आहे.

कानसबहाद्दर

लेथ पुरे. चकमध्ये होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत), टूलपोस्टच्या जागी लाकडी ठोकळ्यात पकडलेला पाइप. ठोकळा सागाचा किंवा कोणत्याही घट्ट लाकडाचा. पाइपच्या मापाचं भोक पाडून मधोमध चिरायचा. थेट जबड्यात धरलात तर ०.५ ची भिंत चेपते आणि ती चेप रंगाखालीसुद्धा दिसते. हेड ट्यूब बाहेरून ४६.५ असेल तर ४६ चा होल सॉ, बाकी कानशीने. फेरे मिनिटाला १३०-१५०, कटिंग ऑइल भरपूर. वेग जास्त ठेवला की दाते जळतात; लोक म्हणतात होल सॉ वाईट होता.

लेथ नसेल तरी कागदाचा साचा छापून पाइपला गुंडाळायचा (३८.१ चा घेर ११९.७ मिमी, छापलेला कागद तेवढा आहे का ते मोजा, प्रिंटर खोटं बोलतो), हॅकसॉने रेषेबाहेर कापायचं आणि अर्धगोल कानशीने रेषेवर यायचं. सांध्यामागे पाऊण तास. चांगली कानस बोहरी आळीत मिळते, पण जुन्या बोथट कानशीने क्रोमोलीवर फक्त हात दुखतात.

फटीची कसोटी: सांधा जोडून मागून बॅटरी धरायची. आर्गॉनने (टिग वेल्डिंगने) जोडणार असाल तर उजेड दिसता कामा नये, फट ०.१ च्या वर गेली की पातळ कड वितळून मागे पळते. पितळेला (ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडणं) ०.२ चालते.

एकाच पाइपच्या दोन टोकांच्या मायटरमध्ये पीळ पडू देऊ नका. पाइपवर अँगलपट्टी ठेवून लांबीची एक सरळ रेघ मारायची आणि दोन्ही टोकं त्या रेघेला धरून कापायची. पीळ एक अंशाचा असला तरी जिगमध्ये पाइप "बसतो", टॅक (वेल्डचा तात्पुरता ठिपका) सुटला की हेड ट्यूब फिरलेला दिसतो.

नानापेठी

जिगसाठी: ४० × ८० चं ॲल्युमिनियम प्रोफाइल, टी-स्लॉटचं. पिंपरी-चिंचवडमध्ये ऑटोमेशनवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे मिळतात. बीबीसाठी एक खुंटी, हेड ट्यूबला दोन शंकू, सीट ट्यूबला व्ही-ब्लॉक, मागे १४८ लांबीचा १२ मिमीचा खोटा एक्सल. जिग अचूक असायलाच हवा असं नाही. तो टॅक मारेपर्यंत सगळं जागेवर धरतो. अचूकता मोजायची सरफेस प्लेटवर (तपासणीची अगदी सपाट पाटी).

आणि भिंतीवर १:१ ड्रॉइंग. सॉफ्टवेअरमध्ये काहीही काढा, पण शेवटी पूर्ण मापाचा कागद लागतोच. पाइप त्यावर ठेवला की चूक डोळ्याला दिसते.

टेकडीवाला

आता आर्गॉन की पितळ?

आर्गॉन_भोसरी

आर्गॉन. आकडे देतो. डीसी, इलेक्ट्रोड ऋण. १.६ चा लँथेनमचा टंगस्टन, टोक पेन्सिलीसारखं, घासायचं ते लांबीच्या दिशेने. ०.९ च्या भिंतीला ४० ते ५५ अँपिअर, पायाच्या पॅडलने कमीजास्त. गॅस लेन्स असलेला मोठा कप, ८ लिटर प्रति मिनिट. फिलर ईआर७०एस-२. वर्कशॉपवाले १.६ ची सळई देतात, ती या भिंतीला जाड पडते: ती वितळेपर्यंत वितळलेल्या धातूचं डबकं थंड होतं किंवा भोक पडतं. १.२ चा मिग वायर घ्या, सरळ करून हातभर कापा, ॲसिटोनने पुसा. उत्तम चालतो.

७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ८ लिटरने साधारण १४ तासांचा गॅस. फ्रेमला आर्क दोन तासही पेटत नाही, पण आतून पर्ज (पाइपच्या आत सोडलेला आर्गॉन) लावला, पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावर चालू राहणारा गॅस) धरला, की एका सिलिंडरमध्ये चार-पाच फ्रेमा. पर्ज २-३ लिटर पुरे. जास्त दाब दिला तर आतला गॅस डबक्यालाच फुगवतो.

पावसाळ्यात होजमध्ये बाष्प धरतं. पहिली दोन मिनिटं गॅस वाया घालवा आणि टाकाऊ तुकड्यावर एक टाका मारून रंग बघा. पिवळसर ते फिक्कट निळा ठीक. राखाडी, भुरभुरा आला तर गॅस पोचत नाहीये किंवा फार वेळ तापवताय. पंखा बंद. उकडतं, पण बंद.

पितळी

इथे असहमती. पहिल्या एक-दोन फ्रेमांना फिलेट (सांध्याभोवती पितळेचा गोलसर थर) ब्रेझिंग बरं. आर्गॉनला ०.६-०.९ वर हात बसायला महिने जातात. एका क्षणाची चूक आणि भोक. पितळ ८७०-९०० अंशांना वितळतं, पोलाद वितळण्याच्या खूप खाली, त्यामुळे पाइपला भोक पडायचा प्रश्न नाही. फट थोडी चालते. सांधा कानशीने घोटून गुळगुळीत करता येतो. तोटा: वेळ, दीड-दोनशे ग्रॅम जास्त वजन आणि फ्लक्स धुण्याचा कंटाळा.

चुका दोन प्रकारच्या. एक, ज्योत कमी आणि घाई जास्त: पितळ वरच्या वर गोळा होतं, सांध्यात उतरत नाही. वरून गोंडस, आतून पोकळ. आधी पातळ पितळ आत ओढून घ्यायचं, मग वर फिलेट चढवायचं. दोन, फार तापवणं: पांढरा धूर आणि पांढरी पावडर दिसली की जस्त उडतंय. सांधा सच्छिद्र होतो, शिवाय तो धूर छातीत गेला की रात्री ताप आणि थंडी भरते. खिडकी उघडी, मास्क.

तापलेला क्रोमोली सांधा ओल्या फडक्याने गार करायचा नाही, कधीच. ४१३० पटकन कठीण होतो आणि कठीण म्हणजे ठिसूळ. वाऱ्यावरसुद्धा ठेवू नका.

आर्गॉन_भोसरी

मान्य, शिकाऊ हाताला पितळ क्षमाशील आहे. पण डिस्क टॅब (डिस्क ब्रेक बसवायचा कान), केबल गाइड अशा बारक्या गोष्टींना पितळ नको, चांदी. ५६ टक्के चांदीची सळई ६५० अंशांना वाहते, पाइपच्या पातळ मध्यभागी ताण कमी.

पितळी

डिस्क टॅबला चांदी? टॅबवर ब्रेकचा सगळा जोर. तिथे पितळ किंवा वेल्डच. चांदी बाटलीच्या बॉसला (बाटलीचा पिंजरा बसवायचे आटे), केबल गाइडला. बॉस ६४ मिमी अंतरावर.

आर्गॉन_भोसरी

बरोबर, टॅब मागे घेतो. गाइड आणि बॉस.

पितळी

चांदीची सळई घेताना कॅडमियमविरहित आहे हे लेबलवर वाचून घ्या. स्वस्त सळयांमध्ये कॅडमियम असतं. छान वाहते म्हणून जुने कारागीर तीच मागतात, पण तिचा धूर फुप्फुसाला जीवघेणा आहे. बंद खोलीत तर अजिबात नाही.

दोनचाकी

घरगुती एलपीजी आणि ऑक्सिजनवर ब्रेझिंग होतं का?

पितळी

होतं. ज्योत पसरट, म्हणून सांध्याभोवतीचा भाग जास्त तापतो. ॲसिटिलीन घेतलं तर बाटली उभीच, दाब १ बारच्या वर नाही, दोन्ही होजना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे जाऊ न देणारी झडप), आणि तांब्याची नळी किंवा जोड कुठेही नाही. ॲसिटिलीन आणि तांबं मिळून स्फोटक पदार्थ तयार होतो.

नानापेठी

जोडण्याआधी प्रत्येक सांध्यात हवेची भोकं पाडलीत का? ३-४ मिमीचं भोक, हेड ट्यूबमध्ये डाउन आणि टॉप ट्यूबच्या तोंडाशी, बीबीमध्ये, सीट ट्यूबमध्ये. बंद पाइपमधली हवा तापते आणि शेवटच्या टोकाला डबकं फोडून बाहेर येते. तीनशे साठ अंश सुंदर वेल्ड आणि शेवटच्या पाच मिमीला फुगा, याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

टेकडीवाला

वेल्डिंगचा क्रम? सरळपणाची भीती त्यातच आहे.

आर्गॉन_भोसरी

वेल्ड गार होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. सगळं त्यावरच.

प्रत्येक सांध्याला चार टॅक. मग जिगमधून काढून सरफेस प्लेटवर, बीबीचा चेहरा (सपाट कड) आधार धरून, सीट ट्यूब आणि हेड ट्यूब तपासा. टॅकवर असताना हाताने अर्धा मिमी हलवता येतो, नंतर नाही. सीट ट्यूब-बीबी आधी पूर्ण करा, परत तपासा. पुढे प्रत्येक सांधा चार तुकड्यांत, समोरासमोर: एक तुकडा उजवीकडे, पुढचा डावीकडे. एकाच बाजूने गोल फिरलात तर फ्रेम त्या बाजूला केळ्यासारखी जाते. दोन सांध्यांमध्ये हाताला सोसेल इतका गार होऊ द्या.

हेड ट्यूबमध्ये सैल बसणारा ॲल्युमिनियमचा गट्टू, बीबीमध्येही तसाच. उष्णता खेचतात. तरीही हेड ट्यूब दहावा भाग मिमी तरी अंडाकृती होणारच, म्हणून ४४ चं रीमिंग सगळं वेल्डिंग झाल्यावर. आधी केलंत तर कप एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने सैल, आणि पहिल्या महिन्यात करकर.

कानसबहाद्दर

बीबीचे आटे वेल्डिंगनंतर परत टॅपने साफ करायचे. १.३७ इंच × २४. चेनच्या बाजूचा आटा डावा! टॅपची जोडी उलटसुलट लावून शेल खराब झालेले बरेच पाहायला मिळतात. मग दोन्ही चेहरे फेसिंग (कड सपाट, काटकोनात करणं).

मागचं तपासायला दोरा पुरतो. एका ड्रॉपआउटपासून (मागचा एक्सल बसतो ती जागा) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून, सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक १ मिमीच्या आत असावा. पण दोरा ड्रॉपआउटची उंची सांगत नाही. एक जरा वर, एक खाली असेल तर चाक तिरकं उभं राहील. ते फक्त चांगलं सरळ केलेलं चाक एकदा सरळ, एकदा उलटं लावून कळतं.

घाटवळण

ड्रॉपआउटला यूडीएच (डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, टांगायचा प्रमाणित हँगर) घ्या, म्हणजे हँगर कुठेही मिळतो आणि डिरेलर आपटला की मागे फिरतो. दोन सूचना: हँगरचा बोल्ट डाव्या आट्याचा आहे, घट्टपणा २५ न्यूटन मीटर. आणि एक्सलचा आटा एम१२ × १.०. जुना १.५ किंवा १.७५ चा एक्सल पेटीतून काढून जबरदस्तीने घातला तर हँगर गेला.

डिस्कचा टॅब चेनस्टे आणि सीटस्टेच्या मध्ये, त्रिकोणाच्या आत. एकट्या सीटस्टेवर लावला तर ब्रेक दाबल्यावर १६ मिमीचा पाइप वाकतो. टॅबच्या वर एक आडवा ब्रेस मग घालावाच लागतो. टॅबची भोकं आयएस (आंतरराष्ट्रीय प्रमाण) पद्धतीत ५१ मिमी अंतरावर. तोही वेल्डमध्ये सरकतो, म्हणून अर्धा मिमी जाड ठेवून नंतर फेस करा.

दोनचाकी

वेल्ड नीट आत उतरलाय हे घरी कसं तपासायचं? भोसरीत डाय पेनिट्रंट करून देतात ना?

आर्गॉन_भोसरी

लाल डाय लावून दहा-पंधरा मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर. पृष्ठभागावरची चीर लाल रेघ म्हणून दिसते. आत उतरलाय की नाही हे त्यात दिसत नाही. त्यासाठी फ्रेमला हात लावण्याआधी त्याच पाइपच्या तुकड्यांचे पाच-सहा सांधे करा आणि उभे चिरून बघा. एखादा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. वेल्डच्या शेजारी पाइप दुमडला तर पास. वेल्डमध्येच फाटला तर परत तुकडे.

टेकडीवाला

शेवटचं, रंग आणि गंज. पुण्याचा पावसाळा आणि टेकडीचा चिखल.

नानापेठी

पितळ वापरलं तर फ्लक्स काचेसारखा चिकटतो. गरम पाण्यात दोन तास बुडवा, ब्रश. जरासा राहिला तरी महिन्याभरात त्याच्यावरचा रंग फुगतो.

मग ब्लास्टिंग. ब्लास्टिंगवाल्याला तोंडी नाही, कागदावर लिहून द्या: काचेचे मणी, कमी दाब. जाड वाळूने ते गेटचे ग्रिल साफ करतात, ०.५ ची भिंत तेवढा मार खात नाही. पावडर कोटिंग १८०-२०० अंशांना, त्याने पितळ किंवा चांदीला काही होत नाही. पण हेड ट्यूबचं आतलं तोंड, बीबीचे आटे, ड्रॉपआउटचे चेहरे, टॅबचा चेहरा, सीट ट्यूब आतून, हे सगळं झाकून द्यायचं. टेप स्वतः लावून द्या. तिथे लावतील या भरवशावर राहिलात तर ४४ च्या भोकात पावडरचा थर आणि परत रीमर.

बीबीच्या खाली ५ मिमीचं भोक. सीट ट्यूबची चीर पुढच्या बाजूला, मागच्या चाकाचं पाणी उडतं तिथे नाही, आणि चिरेच्या टोकाला गोल भोक, नाहीतर तिथून चीर चालू लागते.

आतून जवसाचं तेल. भोकांतून ओतायचं, फ्रेम सगळ्या दिशांना फिरवायची, उलटी टांगून ठेवायची, दोन-तीन दिवस. ते सुकून पापुद्रा धरतं. गोडंतेल वाळत नाही, ते नको. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

टेकडीवाला

सुधारलेलं ड्रॉइंग: चेनस्टे ४३५, चेनरिंग कमाल ३२, हेड अँगल ६५, त्यासोबत रीच ४३५, क्रँक १७०. डाउन ट्यूब ३८.१. पितळ. फोर्कचं क्राउन पूर्ण वळवल्यावर डाउन ट्यूबला लागतंय का, हे राहिलं.

कानसबहाद्दर

फोर्कच्या लॉकआउटची (सस्पेन्शन बंद करायची) गोल खुंटी आधी लागते, क्राउन नंतर. ड्रॉइंगवर फोर्क नव्वद अंश वळवून खुंटीची उंची मोजा, हेड ट्यूबच्या खालच्या टोकापासून मागे ६०-८० मिमीच्या पट्ट्यात. ५ मिमीच्या आत आलं तर डाउन ट्यूब हेड ट्यूबवर थोडा वर सरकवा; तो सरळच राहू दे. वाकवायचाच झाला तर बेंड मधल्या पातळ भागात घेऊ नका.